वाचून न दाखवलेला ठराव

दिल्लीच्या नोकरीसाठी घर सोडलं, त्या सकाळी कळंबच्या स्टँडवर निम्मं गाव आलं होतं. "सरपंचाचं पोरगं दिल्लीला चाललं राव!" म्हणत लोकांनी माझ्या वडिलांना, दादांना, हार घातला. खरी सरपंच माझी आई. नव्वदच्या दशकात बायकांसाठी जागा राखीव झाली आणि ती निवडून आली, पण खुर्चीत दादाच बसायचे. त्या दिवशीही ती गर्दीच्या मागं, माझी भाकरीची पिशवी धरून उभी होती.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. ग्रामपंचायतीचं ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक मीच घरी आणायचो. आई भाकऱ्या थापत असायची. तिला सहीपुरतंच लिहिता यायचं; हाताचं पीठ पदराला पुसून, मी बोट ठेवीन तिथं सही करायची. "काय लिवलंय रं?" असं विचारायची. "काय न्हाई, नेहमीचंच," मी म्हणायचो.

मी निघायच्या आठवड्यात एक ठराव आला. माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीला मिळणारा पाण्याचा नळ आमच्या आळीला द्यायचा. वस्तीवरच्या बायकांना आईनं या नळाचा शब्द दिला होता, त्यांच्याच मतांवर ती निवडून आली होती. मी ठराव वाचला होता. दादा म्हणाले, "तिला कशाला सांगतो? सही घे नि ये." मी सही घेतली आणि चार दिवसांनी एसटीत बसलो.

दिल्लीत सरकारी कचेरीतल्या सेक्शन, फाइल, नोटिंग, 'जी सर' यात मुरलो. क्वार्टर मिळालं, पोरं हिंदीत भांडू लागली. गावाकडून कळायचं, वस्तीवरच्या बायका आईशी बोलत नाहीत, हळदीकुंकवालाही येत नाहीत. होईल सगळं ठीक, असं मी फोनवर म्हणायचो. लांब राहणाऱ्याला शहाणपण फुकटात सुचतं.

दादा गेल्यावर आई पहिल्यांदा दिल्लीला आली. नवीनच झालेलं संसदेचं संग्रहालय दाखवायला तिला घेऊन गेलो. मोठ्या हौसेनं एकेक गोष्ट समजावत होतो. राज्यघटनेच्या सह्यांची पानं होती तिथं ती थांबली.

"ह्यांनी सही करायच्या आधी समदं वाचलं व्हतं का?"

"वाचलं? अगं, जवळजवळ तीन वर्षं शब्दाशब्दावर वाद घातला."

तिनं काचेवरून एका सहीखाली बोट ठेवलं. मग म्हणाली, "मला त्या नळाचं वाचून दावलं असतंस, तर म्या सही केली नसती. तुला ठावं व्हतं?"

"व्हतं," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तोंडात गावचाच शब्द आला. लाज वाटली, खूप वाटली.

ती रडली नाही, रागावलीही नाही. "मग मला सांगून काय उपेग? तिकडं सांग."

म्हणून वस्तीवरच्या मावश्यांनो, हे तुम्हाला लिहितोय. आईनं शब्द मोडला नाही, मी तिला अंधारात ठेवून तो मोडायला लावला. येत्या ग्रामसभेला येतोय, सगळ्यांसमोर उभा राहून हे वाचणार आहे. दिल्लीत मला याचा जाब कुणी विचारणार नाही. तुम्ही विचाराल, आणि जिथं जाब विचारतात तेवढंच घर आता मला उरलंय. मला वाट्टेल ते बोला. पण माझ्या आईशी बोला.