भोरची दुर्बीण

किस्से मुतखड्यासारखेच असतात. कणाकणाने साचतात, आणि कळ कधी येईल ते सांगता येत नाही! मी भूल देणारा डॉक्टर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझा सर्जन मित्र दर गुरुवारी पुण्याहून भोरच्या एका छोट्या दवाखान्यात मोठे मुतखडे काढायला जायचा. गाडी मी चालवायचो, तो मागे दुर्बीण मांडीवर घेऊन बसायचा. पाठीला बोटभर भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण थेट किडनीत, आणि खडा फोडून बाहेर. मोठी चिरफाड नाही.

*

मणक्यात इंजेक्शन दिलं की कमरेखाली सगळं बधिर होतं. मग पेशंटला पालथं करायचं. एका आजोबांना असं पालथं केलं, तर त्यांचा हात स्वतःच्याच मांडीला लागला. ते दचकले!

"डाक्तर, ह्यो कोन झोपलाय माज्याजवळ?"

*

कापूरहोळच्या इस्माईलभाईंचं गॅरेज होतं. त्यांचा खडा सांबराच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला. एक्स-रे त्यांनी अख्ख्या हायवेला दाखवला होता. ऑपरेशन झालं, मी हातात बाटली दिली. तळाशी नुसता भुगा. त्यांनी ती हलवून पाहिली.

"डॉक्टरसाब, गाडीचा पार्ट बदलला तर जुना पार्ट आम्ही गिऱ्हाइकाला अख्खा देतो. तुम्ही तर पीठ करून दिलंत!"

*

एकदा दुर्बीण किडनीत, आणि लाईट गेली. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. पडदा काळा. आत रक्त वाहतंय की थांबलंय, काही कळेना. खरं सांगतो, मी भयंकर घाबरलो होतो. पेशंट वेल्ह्याचा, पालथा आणि पूर्ण जागा. तोच आम्हाला धीर द्यायला लागला.

"दमानं घ्या. आमच्याकडं गेली की दोन-दोन दिस येत न्हाई!"

*

पानशेतच्या एका हॉटेलवाल्याला पुण्याच्या गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं, खड्यावर बिअर चांगली. गडी वर्षानुवर्षं मनापासून औषध घेत राहिला. आमच्याकडे आला तेव्हा एक किडनी मेलेली, दुसरीत खडा. खडा आम्ही काढला, माणूस राहिला नाही.

दहाव्याला आम्ही दोघे गेलो. पिंडाला कावळा शिवेना. मुलांची लग्नं लावू म्हणून सांगून झालं, हॉटेल चालवू म्हणून झालं. शेवटी धाकट्या भावाने बाटली उघडून ठेवली. "दादा, औषद घ्या!"

लगेच शिवला. कोणी हसलं नाही.

*

पासलीची सुमन, पंचविशीची, पदरात तीन मुली. दोन्ही किडन्यांत मोठे खडे. मित्र म्हणाला, "दुर्बिणीतून काढू." सासूबाई ताडकन उठल्या.

"दुर्बीन? न्हाई! आजून पोरगा व्हायचाय तिला."

मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. तिकडे शिबिरात बायकांचं मूल बंद करायचं ऑपरेशन व्हायचं, आणि गावात 'दुर्बीण' म्हणजे तेच! आम्ही चित्र काढून दाखवलं, शपथा घेतल्या. "समदे आसंच सांगत्यात," म्हणत सासूबाई सुनेचा दंड धरून एसटीला निघून गेल्या.

पुढच्या वर्षी त्याच परत आल्या. कडेवर चौथी नात. सुमनचे पाय सुजलेले, तोंड पांढरंफटक. आता सासूबाईच हात जोडत होत्या, "काय बी करा, पन खडा काडा." मला त्यांचा संताप आला, आणि कीवही.

टेबलावर मी सुई हातात घेतली, तेव्हा सुमन हळूच म्हणाली, "दादा, हितलं भाईर ऐकू जातं?"

"नाही."

"मग खडा ऱ्हाऊ द्या. ती दुसरी दुर्बीन करा."

"अगं, खडा राहिला तर तू जगायची नाहीस!"

"आनि पाचवं ऱ्हायलं तर जगंन व्हय? करा तुमी. भाईर सांगा, खड्याचीच झाली."