काकांनी पुकारलेला पाठिंबा

कंधारच्या माईकवाल्या काकांना काहीही पुकारायला सांगितलं, की ते आधी माईकवर तळहात ठेवायचे आणि विचारायचे, "खरं हाय न्हं?" शेळी हरवलेली असो, नळाला पाणी येणार नसो, की कुणाची मयत असो. समोरचा 'हाव' म्हणेपर्यंत त्यांचा भोंगा लावलेला ऑटो हलायचा नाही. म्हणून त्यांच्या भोंग्यातून आलेली गोष्ट लोक दुसऱ्या कुणाला विचारत बसत नसत.

एका दवाखान्यानं मोफत शिबिर पुकारायला सांगितलं होतं. काकांनी खोदून खोदून विचारलं आणि गावभर सांगत सुटले, "तपासणी फुकट हाय. गोळ्या इकत घ्याव्या लागतील!" दवाखान्याचा माणूस मोटारसायकलवरून मागे धावला. काका शांतपणे म्हणाले, "मंग गोळ्या बी फुकट द्या की. आत्ता बदलून सांगतो."

मी तेव्हा आमच्या आमदारसाहेबांच्या निवडणुका सांभाळायचो. कुठल्या नाराजाला रस्त्याचं काम द्यायचं, कुणाचा भाचा साहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या शाळेत चिकटवायचा, कुठल्या मंडळाला मांडव घालून द्यायचा, हे सगळं माझ्याकडे. दर निवडणुकीत प्रचाराला काकांचाच ऑटो लावायचो. पहिल्याच वेळी मी 'विकासपुरुष' असं लिहून दिलं, तर त्यांनी कागद परत केला. "भाऊ, साहेबांचं नाव सांगतो, निशाणी सांगतो. हे दुसरं कुणी वाचंल." मी हसलो. मनातून मात्र हा माणूस आपल्या बाजूला असल्याचं बरं वाटलं.

एका विधानसभेला काकांच्याच वस्तीतल्या सिस्टरबाई अपक्ष उभ्या राहिल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांना विकत घेता येणार नाही, हे मला पहिल्याच भेटीत कळलं. "चहा घ्या आणि निघा," एवढंच त्या बोलल्या होत्या.

प्रचार संपायला थोडाच वेळ उरला होता. मी काकांना गाठलं. म्हणालो, सिस्टरबाईंनी साहेबांना पाठिंबा दिलाय, वस्तीत पुकारा. काकांनी माईकवर तळहात ठेवला. "खरं हाय न्हं, भाऊ?"

"हो काका. आत्ताच बोलणं झालं."

त्यांनी माईकवरचा तळहात काढला. मग गेले. भोंगे बंद व्हायच्या आत वस्तीची प्रत्येक गल्ली त्यांनी फिरून घेतली. बाई त्या वेळी कंधारात नव्हत्या, दूरच्या खेड्यात प्रचाराला होत्या. हे मला माहीत होतं. साहेब थोडक्यात निवडून आले.

निकालानंतर काका माझ्याकडे आले. आवाज चढला नव्हता. "बाई तक्रार करून राहिल्यात. मी निवडणुकीच्या साहेबलोकांपुढं सांगणार, की मला भाऊंनी सांगितलं."

काकांची मुलगी त्याआधी वर्षभर आमच्या संस्थेच्या शाळेत शिकवत होती. शिकलेली, हुशार, ती जागा तिनं स्वतःच्या गुणांवर मिळवली होती. मी एवढंच म्हणालो, "पोरीची ऑर्डर अजून कच्ची आहे, काका."

ते उठून गेले. तक्रारीच्या चौकशीत त्यांनी तोंड उघडलं नाही. महिन्याभरात मी ऑर्डर पक्की करून दिली. तेव्हा मला ती मेहरबानी वाटली होती. वस्तीला त्यातून एकच अर्थ कळला: पोरीच्या नोकरीसाठी बाप विकला गेला.

पुढे वस्तीतल्या मयतीला त्यांना कुणी बोलावेना. चुलतभाऊ वारला, तर लोहा गावाहून दुसरा भोंगा आणला. काकांनी आपला भोंगा विकून टाकला आणि मुलीची बदली झाली तसे तिच्यासोबत लातूरजवळच्या मुरुडला गेले. एकदा लातूरच्या स्टँडवर भेटले. मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "लोक काय म्हणतेत त्याचं सोडा. मी तुम्हाला इचारलं होतं, भाऊ. त्याचं मनाला लागतं." एवढ्यात त्यांची बस लागली.

या वर्षी काका गेले. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम कंधारला, वस्तीतल्या विहारात ठेवला होता. माणसं मोजकीच. मी मागे बसलो होतो, तरी कुणीतरी ओळखलं आणि दोन शब्द बोलायला पुढे बोलावलं. माईक हातात आला. काकांचा खणखणीत आवाज, त्यांचा कष्टाळूपणा, यावर मी बरं बोललो. मुलगी रडत होती. पांढरं लुगडं नेसलेल्या सिस्टरबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी 'जय भीम' म्हणालो आणि खाली बसलो.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर चपला घालताना बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. पाठिंबा मी रचला होता. काकांना खोटं मीच सांगितलं. पोरीची भीती घातली ती मीच. त्यांनी कुणाकडून काही घेतलं नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वय झालंय आता, भिंतीला हात धरून उभ्या होत्या.

"मी त्याच्या दारावरून जाताना तोंड फिरवत होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं."

त्यांनी विहाराच्या दाराकडे बोट केलं.

"आन् आत्ता माईक तुमच्या हातात होता. समदी वस्ती समोर बसली होती. तवा न्हाई बोलला. मला एकलीला चपलांपाशी सांगून राहिलाव?"