सासूची सुट्टी

तुमसर रोड स्टेशनवर आईने मला गाडीत बसवलं तेव्हा माझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते. नवरा पुण्यात नोकरीला, आणि मी मोहाडीची, नागपूरच्या पलीकडे कधी न गेलेली. खिडकीशी येऊन आई एवढंच म्हणाली, "तिकडं जाऊन जास्त बोलू नोको. लोक हासतीन."

मी खरंच गप्प झाले. भाजी घेताना 'मले' निसटलं की शेजारच्या बायका वळून पाहायच्या. वर्षभरात मी 'मला' म्हणायला शिकले. सोसायटी, भिशी, मुलीची शाळा, सगळीकडे मी नीट बोलणारी बाई झाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती दाबलेली भाषा एका कादंबरीत उसळून आली. तिच्यातली सून स्वयंपाकघराच्या दारावर रजेचा अर्ज चिकटवते. कारण: कंटाळा. सासू अर्ज फेटाळते, मग गावभरच्या बायका अर्ज करतात आणि पुरुषांना मिठाचा डबा सापडत नाही. लिहिताना मी एकटीच हसायचे. पुस्तक छापून आल्यावर मात्र घाबरले. आपल्याच माणसांना वाटलं, ही शहरात बसून आमची टिंगल करते, तर? आईला मी प्रत पाठवलीच नाही.

मग एका सकाळी फोन आला. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीची शिल्पा बोलत होती. धानाची रोवणी चालू असताना, दुपारच्या जेवणानंतर बांधावर बसून तिने माझं पुस्तक बायकांना वाचून दाखवलं होतं. रोज एक प्रकरण. "ताई, पुस्तक सरलं, पन बाया तुमचंच नाव घेऊन राहिल्या. तुम्ही या."

त्याच दिवशी तिकीट काढलं. मोहाडीहून आईला सोबत घेतलं आणि वाटेत तिला पुस्तकाबद्दल सगळं सांगून टाकलं.

दिघोरीच्या समाजमंदिरात सतरंजीवर दाटीवाटीने बायका बसल्या होत्या. मी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, पण तिसऱ्या वाक्याला जीभ आपोआप वळली. "मी लिहून राहिली होती तवा" म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! पुस्तकातले विनोद माझ्याआधी त्याच सांगत होत्या. एकीने तर खरंच अर्ज लिहून त्यावर नवऱ्याची सही आणली होती.

मागून शिल्पाची सासू, यशोदाबाई, उठल्या. त्यांना वाचता येत नाही, पण बांधावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाई, तुमच्या पुस्तकातल्या सासूनं अर्ज काहून नाही केला? चाळीस वर्षं तिनंच त रांधलं. तिले कंटाळा येत नाही का?"

त्या सासूला मी फक्त हशासाठी वापरलं होतं आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी ते सगळ्यांसमोर कबूल केलं.

तेव्हा शेजारून, इतका वेळ मान खाली घालून बसलेली आई म्हणाली, "मले बी येते."

समाजमंदिर हसून हसून लोटपोट झालं. हसता हसता माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

आता दुसऱ्या आवृत्तीसाठी मी सासूचं प्रकरण लिहितेय. लिहिलं तेवढं रोज सकाळी फोनवर आईला आणि यशोदाबाईंना वाचून दाखवते. "सासू अशी नाही बोलत," म्हणून दोघी मला थांबवतात आणि मी मुकाट्याने खोडते. तुम्ही गावातच राहिलेले असा की माझ्यासारखे निघून आलेले, घर कुठलं हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल. मला विचाराल तर, माझं कच्चं वाक्य जिथे न घाबरता वाचता येतं, ते माझं घर.

नव्या प्रकरणात सासूला मी एक दिवसाची सुट्टी दिली होती. काल त्या दोघींनी ती आठवड्याची केली.