खिशाची चौकडी

मी सरोजाला फसवलं. सात वर्षं झाली, आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही. सरोजाला सांगायची गरज नव्हती. ती तिथंच उभी होती.

सोलापुरात माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. मंगळवेढ्याहून आले तेव्हा एक पायमशीन होतं, आज चाळीस मशिनी आहेत. भाव करायला बसले की कापडवाल्यांना घाम फुटतो. माझा रागही सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कारण आहे, असं मी धरून चालते — ऑफिसात नवा माणूस आला की माझ्या तोंडाकडं बघून विचारतो, "साहेब कुठायत?" साहेब म्हणजे माझा नवरा. तो बँकेत नोकरीला, कारखान्याची पायरी फक्त दसऱ्याच्या पूजेला चढतो. अशा एकाला मी दारातूनच परत पाठवलं होतं. "साहेब हितं न्हाईत. आन् मी बसलीय ती दिसत न्हाई व्हय तुमाला?" बायकांच्या कार्यक्रमांत बोलायला बोलावलं की हा किस्सा मी हमखास सांगते. टाळ्या पडतात.

सरोजा विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. माझ्याकडं शिलाईला आली आणि नुसतं बघून कापायला शिकली. आमच्या धंद्यात बायका मशिनीवर बसतात. कटिंग टेबलाशी उभा राहतो तो मास्टर, आणि मास्टर म्हणजे पुरुष. त्याच्या खडूवर सगळं काम चालतं. माझा जुना मास्टर सोडून गेला तेव्हा खडू सरोजानं उचलला. चिंध्यांचं पोतं भरेनासं झालं, इतकं ती कापड वाचवायची. मीच तिला शब्द दिला होता — पुण्याची मोठी ऑर्डर मिळू दे, मग मास्टर तू. पगार मास्टरचा आणि कटिंगच्या दारावर पाटी तुझ्या नावाची.

ऑर्डर देणारे पुण्याचे गृहस्थ यायच्या आधी फोनवर म्हणाले, तुमच्या मास्टरांना भेटायचंय. बस, एवढंच म्हणाले.

त्या सकाळी मी काय केलं? इस्त्रीवाल्या बसप्पाच्या गळ्यात मोजपट्टी अडकवली. बसप्पा मैंदर्गीचा, उंचापुरा, झुपकेदार मिशांचा.

"अक्का, मला कात्री धराया बी येत न्हाई की!"

"धरू नगंस. नुसता हुबा ऱ्हा."

आणि सरोजाला चहा आणायला सांगितलं.

गृहस्थांनी चौकड्यांचा एक शर्ट उचलला. खिशावरची चौकडी छातीवरच्या चौकडीत इतकी बेमालूम कशी बसवता, म्हणाले. बसप्पा पंख्याकडं बघायला लागला. सरोजा कप ठेवत होती. खाली मान घालून हळूच म्हणाली, "खिसा छातीसंगट नाही कापत की. पहिलं छाती कापायची. मग तिच्यावर कापड सरकवून, रेघेला रेघ लागली की खिसा."

ते वळून तिच्याकडं बघू लागले. आणि मी — मी हसले. म्हणाले, "बघा, मास्टरांचं ऐकून ऐकून आमच्या चहावालीलाही पाठ झालंय!"

तेही हसले. सरोजानं रिकामा ट्रे उचलला आणि गेली.

ऑर्डर मिळाली. आता मास्टर बदलायचा कसा? पाटी बसप्पाच्या नावाची लागली. कापायला त्याला सरोजानंच शिकवलं.

गिऱ्हाईकाला बाई मास्टर चालली नसती, असं मी मनाशी म्हणत राहिले. पुढच्या वर्षी पुण्याला गेले. त्या गृहस्थांचाही एक छोटा कारखाना होता. तिथं कटिंग टेबलाशी साडीचा पदर खोचलेली एक बाई उभी होती. "या आमच्या मास्टर," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

मग त्या सकाळी मी कुणाला भ्याले? याचं मला अजून कुतूहल आहे. स्वतःला उलटसुलट विचारून बघते — धंद्याची रीत अंगात मुरली होती? की त्या खोलीत ताठ मानेनं बोलणारी बाई एकटी मीच असावी, असं आतून वाटत होतं? तो किस्सा, त्या टाळ्या — त्यात वाटेकरीण नको होती? हे दुसरं उत्तर आलं की मी उठून कामाला लागते. म्हणजे बहुतेक तेच खरं.

गेल्या आठवड्यात बार्शीच्या एका शाळेचे लोक आले. कटिंगच्या दारात उभं राहून त्यांनी सरोजालाच विचारलं, "मास्टर कुठायत?" तिच्या हातात खडू होता. तिनं खडूनंच बसप्पाकडं खूण केली आणि पुन्हा कापडावर वाकली. कुणाला दारातून परत पाठवलं नाही.

"साहेब कुठायत" विचारणाऱ्या एकालाही मी जाब विचारल्याशिवाय सोडलेलं नाही. या पाटीचा जाब कुणी द्यायचा? पुण्याच्या गृहस्थांनी नाही. बसप्पानं नाही. रीतीनंही नाही. स्टुलावर चढून ती पाटी मी माझ्या हातानं ठोकली. जाब मीच द्यायचा.