आत्तीचं फूल

हिंडलग्याच्या बसमध्ये एक मुलगी रोज माझ्याशेजारी बसते. कॉलेजात डिजिटल संस्कृती शिकते. ‘व्हय की न्हाय, आक्का?’ विचारते आणि उत्तराला थांबत नाही. घरच्या ग्रुपवरच्या ‘शुभ सकाळ’च्या फुलांना ती कचरा म्हणायची. मग अभ्यासासाठी तिनं त्याच ग्रुपचे वर्षभराचे मेसेज वाचले, आणि एका सकाळी बसमध्ये तो ग्रुप उघडून मला दाखवला.

‘निपाणीची आत्ती विड्या वळती. लिहाय येत न्हाय, म्हणून रोज फूल धाडती. वर्षात कुणीच उत्तर दिलं न्हाय, आक्का. मीबी न्हाय.’

तिथंच फोन तोंडाशी धरून ती म्हणाली, ‘आत्ती, फूल लई भारी हाय गं.’

दुसऱ्या सकाळी तिनं पुन्हा फोन पुढं केला. आत्तीनं तयार चित्र पाठवलं नव्हतं. दारातल्या जास्वंदीचा फोटो होता, आणि कोपऱ्यात तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट.