दारात आलेल्याला ‘नको’

त्या दिवशी ऐन लग्नसराईत मळभ आलं होतं. पाऊस पडेना, ऊनही पडेना. सिद्धगड ढगात गेलेला. दुकानात पंखा फिरत होता तो नुसता फिरायचा म्हणून. त्या दिवसाचं शेवटी सांगतो, आधी मागचं ऐका.

आमचं मुरबाडात पत्रिका छापायचं दुकान. नव्वदीच्या शेवटाला माझ्या मुलानं, प्रकाशनं, टाकलं. मी नुसता बसून असतो. पत्रिकांची कातरणं रोज झाडून टाकतो, संध्याकाळी तेवढाच ढीग परत असतो. किस्स्यांचंही तसंच. त्यात हा कॉम्प्युटर! माणसानं प्रश्न विचारले तर उत्तर द्यावं. हा दिवसभर विचारतो आणि आपण काय बोललो ते नंतर कल्याणहून माणूस येऊन सांगतो.

*

पहिला प्रश्न आला तेव्हा प्रकाश जेवायला गेला होता. पडद्यावर पिवळा त्रिकोण, खाली इंग्रजी. मी शाळेत गेलो नाही. मराठी अक्षरं इथंच पत्रिका बघून बघून लागली, इंग्रजीचं नाव नको. समोर मांडववाला गणपत बसला होता. त्याला दोन्ही भाषा येतात असं त्याचं स्वतःचं मत.

“काय म्हणतोय रे?”

“आत येऊ का विचारतोय बिचारा. हो म्हना!”

मी हो दाबलं. दुपारपर्यंत सगळ्या पत्रिकांतल्या अक्षरांचे चौकोन झाले. चौकोनांचं चौकोनांशी लग्न, स्थळ चौकोन!

कल्याणचा मेकॅनिक आला. कपाळाला हात लावून म्हणाला, “काका, ‘येस’ का दाबलं? व्हायरस होता तो.”

मी म्हटलं, “बाबा, दारात येऊन विचारलं. नाय कसं म्हनायचं?”

*

मेकॅनिक जाताना बजावून गेला. “या वेळी अक्षरांवर निभावलं. पुढच्या वेळी आतलं सगळं पुसलं जाईल, फोटोसकट.”

फोटो म्हटल्यावर मी आधी पडद्याकडं बघितलं. आत यमुनाचा नवरा होता.

यमुना आमची शेजारीण. तिचा भिवा म्हणजे गावाचा हक्काचा माणूस. कुणीही हाक मारा, भिवा आला. भर पावसाळ्यात कुणीतरी म्हणालं, “भिवा, म्हैस वाहत चाललीय, जरा बघतोस?” भिवा काळू नदीत उतरला. म्हैस वर आली.

त्याचा एकच फोटो होता. कुणाच्या तरी हळदीला काढलेला, कडेला पानाचं तबक घेऊन हसत उभा. प्रकाशनं तो कॉम्प्युटरात घेतला होता. मूळचा पुढं छपर गळून भिजला, पार चिखल झाला. सीडीवर घेतला, ती सीडी उघडेना. प्रकाश म्हणाला, “काकी, मोठा छापून देतो.”

यमुना म्हणाली, “नको. छापला की हार घालावा लागंल. तुमच्या मशिनीत हाये तवर कामावर गेल्यागत वाटतं.”

आणि बाजाराच्या दिवशी येते, मिनिटभर बघते, पिशवी उचलते, जाते. आता हे मी मेकॅनिकला कसं सांगू?

*

प्रकाशनं मग पडद्याच्या वर चिठ्ठी लावली. ‘बाबा, काहीही आलं तरी उजवीकडचं बटण दाबा.’ उजवीकडे ‘नो’.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्याला नो म्हटलं. छापू का? नो. कागद भरला का? नो. परत बघू का? नो. बाहेर नवरीचा बाप घाम पुसत उभा, “अहो, लग्न उरकल्यावर देनार का पत्रिका?”

मेकॅनिक परत आला. “काका, ‘नो’ का दाबलं?”

*

मग माझी भाची मनीषा आली, खर्डीची. ती कॉम्प्युटरच्या पहारेकरी सॉफ्टवेअरच्या कंपनीत. तिचं काम काय, तर हा जे प्रश्न विचारतो त्यांची वाक्यं लिहायची. मी म्हटलं, “म्हणजे एवढी वर्षं मला छळणारी तूच?”

“मामा, म्हणून तर आले. मराठीत करून बघतेय. तुमच्या दुकानात लावते, लोक काय दाबतात ते बघते. आमचे साहेब म्हणतात, लोक वाचतच नाहीत, उगाच कशाला लिहायचं.”

पहिलं वाक्य तिनं लावलं: ‘अनोळखी प्रोग्रामला परवानगी देता का?’

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरचा सखाराम मुलीची पत्रिका करायला आला होता. मनीषानं त्यालाच खुर्चीत बसवलं. त्यानं वाक्य हळूहळू वाचलं, पूर्ण वाचलं, आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“दाबा ना काका, काय वाटतं ते.”

“परवानगी द्यायला आमी कोन, ताई? ती फारेस्टचा साहेब देतो. आमी हात लावला तर उद्या पावती फाडंल!”

मनीषानं ‘परवानगी’ काढून टाकली.

*

मी तिला म्हटलं, “पत्रिकेत कसं असतं बघ. कोण, कुणाचा, कुठल्या गावचा, कशासाठी बोलावणं. सगळं कळतं. तुझ्या ह्या पडद्यावरच्या प्रश्नाच्या डब्यात काही कळत नाही.”

तिला पटलं. रात्रभर बसून तिनं लिहिलं. कोण आलाय, कुठून आलाय, कुणी बनवला, आत येऊन काय करणार, हो म्हटलं तर काय, नको म्हटलं तर काय. सकाळी लावलं. छान झालं होतं! मी चष्मा पुसून पुसून वाचलं. फक्त ते इतकं लांबलं होतं की दाबायची बटणं पडद्याच्या खाली निघून गेली.

मनीषा म्हणाली, “मामा, ‘कृपया आहेर आणू नये’ तेवढं राहिलं.”

*

मग कापत कापत तिनं ते चार ओळींवर आणलं. तरी लोक ‘हो’च दाबायचे. मनीषानं विचारलं, “वाचलं ना? मग हो का?”

गणपत म्हणाला, “पोरी, तोंडावर नको म्हनायची रीत नाय आपल्यात. आपन ‘बघू’ म्हनतो.”

तिनं तिसरं बटण केलं, ‘नंतर बघू’. सगळे खूश. सगळ्यांनी तेच दाबलं. आणि तो डबा पाच मिनिटांनी परत हजर. परत ‘बघू’. परत हजर. संध्याकाळी गणपतच वैतागला, “आरं, हा डबा हाये का निवडनुकीला उभा राहिलेला?”

बटण गेलं. मनीषाही कामावर गेली. जाताना म्हणाली, “मामा, तुम्ही तरी वाचत जा.” थकलेली दिसली. मलाही थकल्यासारखं झालं होतं. चार ओळींसाठी एवढा खटाटोप.

*

आता त्या मळभाच्या दिवसाचं.

प्रकाश कागद आणायला कल्याणला गेलेला. बाजाराचा दिवस, म्हणून यमुना आली होती. मी तिला फोटो उघडून दिला, तेवढं मला जमतं. तेवढ्यात गणपत धावत आला. त्याच्या भावाच्या वाढदिवसाचा बॅनर संध्याकाळी चौकात लागायचा होता. त्यातले फोटो पेनड्राइव्हमध्ये.

“म्हाताऱ्या, लाव लवकर. उघडून ठेव, पोऱ्या आला की काम सुरू.”

त्यानं स्वतःच खोचला. भिवाच्या फोटोवर डबा आला. मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

‘या पेनड्राइव्हमधून एक प्रोग्राम आपणहून आत येऊ बघतो आहे. तो कुणी बनवला ते कळत नाही. आत आला तर इथले फोटो पुसून टाकू शकतो. नको म्हटलंत तर पेनड्राइव्ह उघडणार नाही, बाकी काही बिघडणार नाही.’

खाली दोन बटणं. हो. नको.

“आरं, कायतरी लिवतात!” गणपत म्हणाला. “हो म्हन. माझा पेनड्राइव्ह हाये, कुना परक्याचा हाये का?”

गणपत माझा चाळीस वर्षांचा दोस्त. माझ्या घरच्या लग्नांचे मांडव त्यानं घातले. भिवाच्या दहाव्याचाही त्यानंच घातला. त्याला तोंडावर नको म्हणायचं? माझा हात माउसवर तसाच राहिला.

“दाब ना! मला काय नको म्हनतोस का काय?”

डब्याच्या कडेनं भिवाचं तबक तेवढं दिसत होतं. यमुना पिशवी खाली ठेवून माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. गणपतकडं तिनं बघितलंच नाही.

“दादा,” ती म्हणाली, “ह्यांनी उभ्या जल्मात कुनाला नको म्हटलं नाय. आज त्यांच्या वाटचं तुमी म्हना.”