ऑपरेशनच्या दिवशीची पेज

डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, भूल देताना तिने खाल्लेलं उलटून छातीत गेलं. माझी धाकटी जाऊ मेली होती. पोटातल्या गोळ्याला अजून सुरीही लागली नव्हती.

पेशंट उपाशी आहे असं नर्सच्या कागदावर लिहिलं होतं. ते मी सांगितलं होतं.

घणसोलीत आमच्या वयाच्या बायकांत चौथी झालेली मी एकटी. आमच्या जमिनींवर नवं शहर उभं राहत होतं, पण दुखणं मोठं असलं की खाडीपलीकडच्या सरकारी इस्पितळातच जावं लागे. तिथल्या पाट्या मला वाचता येत, म्हणून जो तो मला बरोबर नेई. केसपेपर कुठे, एक्स-रे कुठल्या इमारतीत, कुठला शिपाई दार उघडतो, सगळं मला पाठ. गाव मला डॉक्टरीण म्हणून चिडवायचं.

पाट्यांपेक्षा मोठी गोष्ट मी शिकले ती ही, की केसपेपरच्या खिडकीवर खरं बोललं की परत पाठवतात. दुखणं वर्षाचं असलं तर पुढच्या बुधवारी या म्हणतात, म्हणून कालपासूनचं सांगायचं. ताप नसला तरी आहे म्हणायचं. अशा थापा मारून मी कितीतरी माणसं आत पोचवली. बरी होऊन ती घरी आली. मला त्याचा गर्व होता.

जावेचं पोट वाढू लागलं तेव्हा बायका तिला पाळणा कुठून आणणार विचारायच्या. ती लाजायची. मीच तिला तपासायला नेलं. मूल नाही, गोळा आहे, म्हणाले. त्यानंतर पाच महिने आम्ही खेपा घातल्या. कधी रक्त कमी, कधी खाट नाही, कधी मोठे डॉक्टर रजेवर. शेवटी तारीख मिळाली. आदल्या दिवशी तिला भरती केली. रात्रीपासून पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं नर्सने मला बजावलं.

सकाळी मी तिच्या तपासणीचा कागद आणायला दुसऱ्या इमारतीत गेले. परत आले तर सासू पहिल्या बसने येऊन खाटेवर बसलेली आणि पेजेचा डबा रिकामा. आमच्याकडे पेज घेतल्याशिवाय कोणी मिठागरावरसुद्धा जात नसे. मी सासूवर ओरडले. ती म्हणाली, "उपाशी पोटी कापतान का कोनाला? बकऱ्यालापन पयला पाला देतान."

जाऊ हसली. म्हणाली, "भूक लागलेली गो बाय. आता बरा वाटतंय."

तेवढ्यात नर्स आली. "मावशी, पेशंटने काही खाल्लंय का?"

पाच महिने माझ्या डोळ्यांपुढे आले. मला वाटलं, हीसुद्धा खिडकीच आहे.

"थेंबभर पाणी नाही," मी म्हटलं. सासू गप्प बसली. इस्पितळात मी बोलायचं आणि तिने गप्प बसायचं, असंच ठरलेलं होतं. जावेला ढकलगाडीवरून नेलं. सासू खाटेपाशीच थांबली, ऑपरेशनच्या दाराशी मी एकटी गेले.

ती गेल्याचं सांगून डॉक्टर मला खाण्याचं पुन्हा विचारायला लागला तेव्हा मी खरं सांगितलं. तो माझ्यापेक्षा लहान होता. ओरडला नाही. म्हणाला, "सांगायचं होतं ना, मावशी. सोमवारी घेतलं असतं."

तो दिवस शुक्रवार होता.

घरी मी कोणालाच सांगितलं नाही. दिराला वाटलं, गोळ्यानेच गेली. भेटायला येणाऱ्या बायकांना सासू सांगायची, "उपाशी नाय गेली माझी पोर, येवढा तरी मी केला." मी शेजारी बसून ऐकायचे. तिला खरं सांगावं असं कितीदा मनात आलं. सांगून ती पेज परत आली नसती, आणि सांगितलं असतं तर माझ्या थापेने काय केलं तेही सांगावं लागलं असतं. दुसरं कारण मोठं होतं.

दिराने पुन्हा लग्न केलं. सासू आणखी अकरा वर्षं जगली. मी अजून आहे.